खाल्लेला पत्रा आणि खिशाचं गणित

ऑक्टोबरचं ऊन तापायला लागलं की मुलुंडपासून बोरिवलीपर्यंतच्या गॅरेजांत एकाच तक्रारीच्या गाड्या येऊ लागतात. दरवाजाच्या खालच्या कडेला रंगावर आलेले फोड, मागच्या चाकावरच्या कमानीला लागलेली तपकिरी किनार, पायाखालची चटई उचलली की दिसणारा ओला, भुसभुशीत पत्रा. गाडी बारा, पंधरा, कधी वीस वर्षांची. इंजिन ठीक असतं, एसी चालतो; पण विकायला काढली तर हाती येणाऱ्या पैशांत नवी स्कूटरही यायची नाही. अशा गाडीच्या पत्र्यावर किती खर्च करायचा, आणि नेमका कुठे? गॅरेजवाला सहसा रंगाचा भाव सांगतो. गाडीवाल्यानं आधी विचारायला हवा तो पत्र्याचा.

लोखंड, पाणी आणि प्राणवायू एवढ्यावर गंज चढतो. मीठ त्याला घाई करतं. हवेतली सापेक्ष आर्द्रता साठ-सत्तर टक्क्यांच्या वर गेली की उघड्या पोलादावर गंज वेगानं धरू लागतो, आणि मुंबईत जून ते सप्टेंबर ती बहुतेक त्याच्या वरच असते. सांताक्रूझच्या वेधशाळेत पावसाळ्यात दोन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस मोजला जातो. पश्चिम उपनगरांना वर्सोवा, मढ, गोराईकडून समुद्राचा वारा. पूर्वेकडच्यांना ठाण्याची खाडी आणि भांडुप, कांजूर, मुलुंडची मिठागरं. मुलुंड पूर्वेला तर एका रस्त्याचं नावच मिठागर रोड आहे. चेंबूर-माहुलच्या तेलशुद्धीकरण कारखान्यांकडून येणारी गंधकयुक्त हवा त्यात आणखी भर घालते.

मिठाचा आणखी एक स्रोत सोसायटीच्या आवारातच असतो, आणि त्याकडे कुणाचं लक्ष जात नाही. पालिकेचं पाणी वाचवण्यासाठी अनेक सोसायट्या गाड्या धुवायला बोअरवेलचं पाणी वापरतात. पाणी वाचतं हे खरंच, पण किनाऱ्याजवळच्या आणि खाडीकाठच्या बोअरना बऱ्याचदा खारट पाणी लागतं. सकाळी सहाला येणारा गाडी धुणारा तीच बादली आणि तेच फडकं दहा गाड्यांवर फिरवतो. वरचा पत्रा तो पुसून कोरडा करतो. दरवाजाच्या फटीत, बीडिंगखाली, नंबरप्लेटच्या मागे मात्र ते पाणी तसंच वाळतं आणि मीठ मागे ठेवतं. ज्यांची गाडी अशी रोज धुतली जाते त्यांनी आठवड्यातून एकदा नळाच्या पाण्याची एक बादली कडांवर आणि फटींवर ओतावी. गंजाविरुद्ध यापेक्षा स्वस्त उपाय या लेखात दुसरा नाही.

बर्फाच्या देशांत हिवाळ्यात रस्त्यावर मीठ पसरतात, म्हणून तिथे गंजाचा बंदोबस्त हा फार पूर्वीच वेगळा धंदा झाला. डेट्रॉइटच्या झीबार्टनं १९५९ पासून त्यावर दुकान थाटलं. १९८० मध्ये ब्रिटनमध्ये लान्चिया बीटाच्या सांगाड्याला इतका गंज निघाला की कंपनीला गिऱ्हाइकांकडून गाड्या परत विकत घ्याव्या लागल्या. पोर्शनं १९७५ पासून जस्त चढवलेल्या पत्र्याच्या बॉड्या बनवायला सुरुवात केली. आपल्याकडच्या जुन्या, स्वस्त गाड्यांच्या वाट्याला असलं जस्त फारसं आलं नाही. त्यामुळे इथला सगळा भार दुरुस्तीवर पडला.

उपनगरांतल्या पत्राकामाच्या गोष्टीत कुर्ला येतंच. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापलेल्या प्रीमियर ऑटोमोबाईल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून फियाट ११०० आणि पुढे पद्मिनी बाहेर पडली. काळी-पिवळी म्हणून हीच पद्मिनी खारी हवा आणि तुंबलेलं पाणी सोसत वर्षानुवर्षं धावली. मुंबईत टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा. शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची नोंद ताडदेवच्या आरटीओत २९ ऑक्टोबर २००३ ला झाली होती, म्हणून ३० ऑक्टोबर २०२३ पासून ती रस्त्यावरून गेली. एवढं आयुष्य तिला मिळालं ते ठिगळांच्या जोरावर. पद्मिनीचा पत्रा जाड. तो ठोकता येई, गॅसवेल्डिंगची आच सोसे, फर्शी कापून नवी घालता येई. डिसेंबर १९८३ मध्ये आलेल्या मारुती ८०० चं वजन साडेसहाशे किलोच्या आसपास. तिच्या पातळ पत्र्याला गॅसची ज्योत लावली की तो लगेच पोचे घेतो, वाकतो. तरीही कित्येक नाक्यांवर पद्मिनीच्या काळचीच पद्धत मारुतीवर आणि तिच्यानंतर आलेल्या गाड्यांवर चालवली जाते. जुन्या गाडीचं काम फसण्याचं हे एक मोठं कारण.

बाहेरून दिसणारा गंज बहुतेकदा आतून आलेला असतो. खिडकीच्या काचेवरून उतरणारं पावसाचं पाणी दरवाजाच्या पोटात जातं आणि खालच्या कडेच्या भोकांतून बाहेर पडतं. ती भोकं चिखलानं बुजली की पाणी तिथेच साचतं. दरवाजांखालची आडवी पेटी, म्हणजे गॅरेजच्या भाषेत रनिंग बोर्ड, आतून पोकळ. ती भिजली की महिनोन्महिने वाळत नाही. वायपरखालच्या खोलगट जागेत रस्त्याकडेच्या पर्जन्यवृक्षांची आणि सोनमोहरांची पानं कुजतात. डिकीत स्टेपनीच्या खड्ड्यात दिव्याच्या फाटक्या रबरातून पाणी झिरपतं. गंजाला मूळ लोखंडापेक्षा कितीतरी पट जागा लागते, म्हणून तो रंगाला वर उचलतो. त्यामुळे रंगावर फोड दिसला, की खालचा पत्रा निम्मा तरी गेलेला आहे असंच धरून चालावं.

तपासायला यंत्र लागत नाही. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीनं रनिंग बोर्ड, चाकांच्या कमानी, फर्शी ठोकत जायचं. शाबूत पत्रा खणखणतो, सडलेला बद्द वाजतो, आणि फार सडलेला असेल तर मूठच आत जाते. पातळ फडक्यात गुंडाळलेलं लोहचुंबक पत्र्यावरून फिरवायचं; जिथे ते धरत नाही तिथे रंगाखाली पुट्टी भरलेली असते. जुनी गाडी विकत घेणाऱ्यानं तर हे करावंच. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि असंख्य गाड्या टपापर्यंत बुडाल्या. २९ ऑगस्ट २०१७ लाही लहान प्रमाणावर तसंच झालं. अशा बुडीत गाड्या धुऊनपुसून पुन्हा बाजारात येतात. त्यांच्या गालिच्याखालचा नमदा उचलल्याशिवाय खरं चित्र कळत नाही.

गंज वरवरचा असेल, म्हणजे रंग उडालाय, पत्रा तपकिरी झालाय पण घासल्यावर पांढरा, चकचकीत निघतोय, तर काम घरी होतं. ८० नंबरचा पॉलिश पेपर, मग २२०चा, तारेचा ब्रश, फॉस्फरिक आम्लाचं रस्ट कन्व्हर्टर, इपॉक्सी प्रायमर आणि गाडीच्या रंगाचा स्प्रे: हजार-दीड हजार रुपयांत चार-पाच जागा भागतात. खरी मेहनत घासण्यात आहे. डाग दिसतो त्याच्या इंचभर पलीकडेपर्यंत पत्रा उघडा करावा लागतो. कन्व्हर्टर उरलेल्या गंजाचं लोह-फॉस्फेट करतं, पण सुट्या पापुद्र्यांवर ते लावून काही होत नाही. काम झालं की बाटलीवर लिहिल्याप्रमाणे ते धुवायचं किंवा पुसायचं, पत्रा पूर्ण वाळवायचा आणि त्याच दिवशी प्रायमर मारायचा. मुंबईच्या हवेत घासलेला पत्रा रात्रभर उघडा ठेवला तर सकाळी त्यावर केशरी झाक आलेली असते. डब्ल्यूडी-४० मारून रंग देण्याचा सल्ला सर्रास मिळतो. त्यातलं तेल पूर्ण पुसून काढलं नाही तर वरचा रंग धरतच नाही. कोला ओतून गंज काढण्याची युक्तीही फिरत असते. कोलात फॉस्फरिक आम्ल असतं हे खरं, पण ते नाममात्र, आणि साखर भरपूर. मुंग्यांची मात्र सोय होते.

भोक पडल्यावर मात्र मोह सुरू होतो. ‘साहेब, फायबर लावून पुट्टी मारतो, वर रंग; कळणार पण नाही.’ खरंच कळत नाही, पुढच्या ऑगस्टपर्यंत. पॉलिएस्टर पुट्टी पाणी शोषते. सडक्या कडांवर ती थापली की ओलावा थेट पत्र्याशी कोंडून राहतो आणि गंज आतल्या आत पसरत जातो. किडलेल्या दातावर कीड न काढता सिमेंट भरण्यासारखंच हे. एम-सीलचीही तीच गत. बोल्टनं बसणाऱ्या मडगार्डवर, गाडी अजून वर्ष-दोन वर्षंच ठेवायची असेल तर फायबरचं ठिगळ चालून जाईल. त्याच्यावर गाडीचा भार नसतो. रनिंग बोर्ड, फर्शी, सस्पेन्शनच्या बैठका, सीटबेल्टचे बोल्ट जिथे धरतात तो पत्रा, इथे फायबर म्हणजे स्वतःच्या जिवाशी खेळ. पद्मिनी, ॲम्बॅसॅडर, मारुती ८०० या सगळ्या गाड्यांना वेगळी चॅसिस नाही. बॉडीचा पत्रा हाच त्यांचा कणा. जीप, सुमो, बोलेरोला खाली वेगळी चॅसिस असते, म्हणून त्यांच्या बॉडीवरचं भोक तेवढं घाबरवत नाही. मात्र चॅसिसच खवल्यांनी सुटायला लागली तर गोष्ट वेगळी.

म्हणून जुन्या गाडीसाठी पैशाला पुरणारा खरा मार्ग म्हणजे कापून वेल्डिंग. नाक्यावरचा चांगला डेंटर सडलेला भाग शाबूत पत्रा लागेपर्यंत कापतो, २० किंवा २२ गेजचा पत्रा तेवढाच आकार देऊन बसवतो आणि सीओटू किंवा मिग वेल्डिंगनं ठिपक्याठिपक्यांनी जोडतो, म्हणजे उष्णता एका जागी साचत नाही. जस्ताचा पत्रा वापरत असेल तर जोडाच्या कडेचं जस्त आधी घासून काढायला हवं. ते जळून निघणाऱ्या धुरानं कारागिराला ताप भरतो, आणि जोडही कच्चा राहतो. इथे गिऱ्हाइकानं घासाघीस करायची ती मजुरीवर नाही, क्रमावर. कापल्यानंतर आणि पुट्टीच्या आधी गाडी स्वतः जाऊन पाहीन, फोटो काढीन, हे आधीच ठरवून टाकावं. प्रायमर इपॉक्सीचा हवा आणि तो पुट्टीच्या खाली लागायला हवा. वर्षानुवर्षं चालत आलेलं रेड ऑक्साइड स्वस्त असतं, पण ओलावा त्यातून झिरपतो. दोन डब्यांतला टू-के इपॉक्सी प्रायमर स्वतः विकत आणून डेंटरच्या हातात दिला तरी एकूण खर्चात फार फरक पडत नाही. कामाच्या आयुष्यात पडतो.

आणखी दोन गोष्टी गॅरेजात गाडी सोडण्याआधी बघाव्या लागतात. वेल्डिंगच्या आधी बॅटरी सोडवलेली असावी, आणि पेट्रोलच्या टाकीच्या किंवा सीएनजीच्या नळीच्या आसपास ज्योत पेटणार असेल तर टाकी-सिलिंडर आधी उतरवून घ्यावेत. मुंबईत जुन्या गाड्यांच्या डिकीत सीएनजीचा जड सिलिंडर सर्रास असतो. त्याच्या पट्ट्या ज्या पत्र्याला धरतात तोच सडलेला असेल तर सिलिंडर उतरवण्याला पर्याय नाही. दर तीन वर्षांनी सिलिंडरची चाचणी करावीच लागते. ती आणि डिकीचं पत्राकाम एकाच वेळी केलं तर सिलिंडर काढण्या-बसवण्याची मजुरी दोनदा जात नाही.

रंगाचा हिशेब त्यानंतरचा. नाक्यावरच्या गॅरेजात एका पॅनेलच्या रंगाला साधारण दोन-तीन हजार रुपये मागतात. रंगबूथ असलेल्या वर्कशॉपात त्याच्या दीडपट ते दुप्पट, वर १८ टक्के जीएसटी. मोठ्या वर्कशॉपचा फायदा रंगात आहे: बूथमध्ये धूळ नाही, पीयू (पॉलियुरेथेन) रंग साठ अंशांच्या आसपास भाजला जातो, छटा जुळते. पत्र्याच्या कामात मात्र तिथे ठिगळ मारण्यापेक्षा अख्खा भाग बदलण्याकडे कल असतो, आणि वीस वर्षांच्या गाडीसाठी ते गणित जुळत नाही. म्हणून पत्रा नाक्यावर आणि रंग, जमलाच तर, बूथमध्ये अशी विभागणी बऱ्याच गाड्यांना शोभते. रनिंग बोर्डला काळा खडबडीत चिपगार्ड मारला तर छटा जुळवण्याचा खर्च वाचतो आणि दगडांचा मारही कमी लागतो. पावसाळ्यात उघड्यावर रंगकाम करूच नये. दमट हवेत एनसी (नायट्रोसेल्युलोज) रंगावर पांढरी झाक येते. आणि अख्ख्या गाडीला दुसराच रंग द्यायचा मोह झाला, तर आरसीवर रंगबदलाची नोंद करावी लागते हे विसरून चालत नाही.

जे भाग बोल्टनं बसतात, म्हणजे मडगार्ड, बॉनेट, दरवाजे, डिकीचं झाकण, ते दुरुस्त करण्याऐवजी बदललेले बरे. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर आणि कपाडिया नगरच्या बाजूला जुन्या सुट्या भागांची दुकानं लागून लागून आहेत. मारुतीचे बरेच भाग नवे, स्थानिक बनावटीचेही मिळतात. नशीब असेल तर आपल्याच रंगाचा दरवाजा सापडतो आणि रंगाचे पैसे वाचतात. घेताना दरवाजाच्या आतल्या, खालच्या दुमडीत बोट फिरवायचं. सडायला सुरुवात तिथूनच होते. पावती मागायची, कारण सुटा भाग चोरीच्या गाडीचा निघाला तर त्रास विकत घेणाऱ्यालाच होतो.

जीपवाल्यांना आणि चेतकसारख्या पत्र्याच्या स्कूटरवाल्यांना एक वेगळी सोय आहे. साकीनाका आणि मरोळ एमआयडीसीच्या गाळ्यांत फॅब्रिकेशनच्या कामाबरोबर सँडब्लास्टिंग आणि पावडर कोटिंगही होतं. सुटे झालेले भाग, म्हणजे चाकांच्या रिम, बंपर, ब्रॅकेट, तिथे द्यावेत. पावडर दोनशे अंशांच्या आसपास भट्टीत भाजली जाते आणि रंगापेक्षा जास्त टिकते. कारच्या पातळ बॉडीवर मात्र जोराचं सँडब्लास्टिंग करू देऊ नये, पत्रा लाटांसारखा होतो.

गाडीखालच्या ‘अँटी-रस्ट’ कोटिंगची जाहिरात प्रत्येक सर्व्हिसच्या वेळी होते. नव्या, कोरड्या, स्वच्छ पत्र्यावर त्याचा उपयोग आहे. जुन्या गाडीवर, खालचा गंज तसाच ठेवून डांबरी थर मारला तर तो थर सुटत जातो, फटीत पाणी शिरतं आणि सडणं दिसेनासं होतं. त्यापेक्षा रनिंग बोर्ड आणि दरवाजांच्या पोकळीत, रबरी बुचांच्या भोकांतून, मेणयुक्त कॅव्हिटी वॅक्स मारून घेणं जास्त कामाचं. ते फटींत झिरपतं आणि पाण्याला बाहेर ठेवतं. जळकं ऑईल आणि डिझेल फवारण्याची जुनी ट्रकवाल्यांची पद्धत स्वस्त वाटते, पण ते रबराची बुशिंग फुगवतं आणि पहिल्याच पावसात गटारात जातं. वापरलेलं तेल हा नियमानं घातक कचरा आहे.

विम्याकडून आशा धरू नये. गंज म्हणजे झीज, आणि झीज पॉलिसीत बसत नाही. अपघातात पत्रा बदलावा लागला तरी दहा वर्षांपुढच्या गाडीच्या धातूच्या भागांवर ५० टक्के घसारा कापला जातो. अपघाताच्या क्लेममध्ये शेजारचा गंजलेला दरवाजाही ‘बसवून’ देतो म्हणणारे भेटतात. फुटलेला पत्रा आणि सडलेला पत्रा यांतला फरक सर्व्हेअरला कळतो.

हे सगळं करायचं की नाही, ते बरंचसं आरटीओच्या तारखेवर ठरतं. पंधरा वर्षांनी खाजगी गाडीची नोंदणी संपते आणि पुढे पाच-पाच वर्षांनी नवी करावी लागते. अंधेरीची एमएच ०२, बोरिवलीची एमएच ४७ किंवा पूर्व उपनगरांसाठी वडाळ्याची एमएच ०३, नियम एकच. कारच्या फेरनोंदणीचं शुल्क १ एप्रिल २०२२ पासून सहाशेवरून पाच हजारांवर गेलं, आणि ऑगस्ट २०२५ च्या अधिसूचनेनं वीस वर्षांपुढच्या कारसाठी ते दहा हजार झालं; पर्यावरण कर वेगळा. दहा वर्षांचं डिझेल, पंधरा वर्षांचं पेट्रोल बंद हा निर्बंध दिल्ली परिसरासाठी आला, मुंबईसाठी नाही, तरी त्याच्या धाकानं इथे चांगल्या गाड्या मातीमोल विकल्या जातात. तपासणीला जाताना चॅसिस नंबर मात्र वाचता आला पाहिजे, त्याचा पेन्सिलनं ठसा घेतला जातो. अनेक मारुतींत तो बॉनेटखाली मागच्या पत्र्यावर कोरलेला असतो, म्हणजे वायपरखालचं पाणी जिथे झिरपतं त्याच्याच शेजारी. तिथला गंज हलक्या हातानं साफ करून ग्रीस लावून ठेवावं. ग्राइंडर किंवा पुट्टी त्या जागेच्या आसपासही फिरकू देऊ नये. पन्नास वर्षांपुढच्या मूळ स्थितीतल्या गाडीसाठी २०२१ पासून ‘व्हीए’ मालिकेची व्हिंटेज नोंदणी मिळते. पद्मिनीची पहिली पिढी आता त्या वयाला पोचली आहे, पण बॉडीत मोठे फेरफार केलेली गाडी त्यात बसत नाही.

फर्शी, दोन्ही रनिंग बोर्ड आणि मागच्या सस्पेन्शनची बैठक, तिन्ही एकदम गेली असतील तर डेंटर कितीही स्वस्तात मिळो, थांबावं. ऑगस्ट २०२१ च्या धोरणानुसार नोंदणीकृत भंगार केंद्रात मिळणारी रक्कम नव्या गाडीच्या एक्स-शोरूम किमतीच्या चार ते सहा टक्के धरलेली आहे. कुर्ल्याचा भंगारवाला कधी त्याहून जास्त देऊ करतो, पण आरसी रद्द करण्याचा घोर मालकाच्याच डोक्यावर राहतो. केंद्रात गाडी दिल्यावर ‘सर्टिफिकेट ऑफ डिपॉझिट’ मागून घ्यावं. नव्या खाजगी गाडीच्या मोटार वाहन करात त्यावर २५ टक्क्यांपर्यंत सवलत देण्याची तरतूद केंद्रानं केली आहे. आणि परिवहन खात्याच्या पोर्टलवर नोंदणी रद्द झाल्याचं दिसेपर्यंत विम्याचे, कराचे जुने कागद फेकू नयेत.